बुंदीचा कान

"वहिनी, तिच्या कानावर जाऊ नका," हर्षदा म्हणाली. "पोटाकडे बघा."

आम्ही दोघी गच्चीवर होतो. तिने कुरडया घातल्या होत्या आणि माझी रेवा त्यांतली एक ओलीच तोंडात कोंबत होती. मी ती बोटाने उकरून काढत होते. खाली वसाहतीच्या फाटकाशी कुत्र्यांची नसबंदी करणाऱ्या संस्थेची गाडी उभी होती. जाळी घेतलेली दोन माणसं बुंदीपाशी थांबली, तिचा डावा कान त्यांनी बघितला आणि तिला सोडून पुढे गेली. बुंदी म्हणजे आमच्या जिन्याखाली राहणारी कुत्री, पिवळ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली. तिने शेपटी हलवली आणि पुन्हा सावलीत जाऊन पडली.

"अगं, खाच आहे की कानाला," मी म्हटलं. "मागच्या फेरीतच झालंय तिचं."

"तुम्ही बघितलंत तिला गाडीत घालताना?"

"नाही. पण कान काय आपोआप कापला जातो?"

हर्षदाने खाली वाकून कुरडयांवरचं काळं फडकं सारखं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना हाक मारा ना. म्हणावं, हिला पण न्या. तुमचं ऐकतात ते."

"दोनदा पोट फाडायचं का बिचारीचं? तू काय डॉक्टर झालीस आता?" मी हसले. तेवढ्यात खालून तिच्या सासूबाईंची हाक आली आणि हर्षदा पदर खोचत जिना उतरून गेली.

धामणदऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत आम्ही तेव्हा नवे होतो. नवरा पाळीवर गेला की घरात मी आणि रेवा. खिडक्यांच्या गजांवर सकाळी पुसलं तरी दुपारी राखेचा थर. मी एम.एस्सी. झालेली, पण रेवा झाल्यापासून माझं सगळं शिक्षण एकाच कामी लागलं होतं: तिला काय होऊ शकतं याचा विचार करणं. पाणी उकळून गाळायचं. नाणी, बटणं, सेल उंचावर. आणि रेवा चालायला लागल्यावर कुत्री. वसाहतीत ती इतकी होती, की भाद्रपदात रस्त्याने जाणं नको व्हायचं. हिवाळ्यात जिन्याजिन्याखाली पिल्लं, आणि मग रोज सकाळी एखाद्या गाडीच्या चाकाखाली त्यांतलं एक. हे रेवाला दिसू नये म्हणून मी तिचं डोकं खांद्यात दाबून धरायची.

संस्थेला फोन मीच केला होता. डॉक्टर रुबीना तडवी स्वतः आल्या. बुटक्या, ठसठशीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी बायकांना पारावर बसवून सांगितलं, की ऑपरेशन फुकट, भूल देऊन, पिसाळण्याविरुद्धची लस त्याच वेळी. टाके सुकले की जिथून उचललं तिथेच आणून सोडणार. परत आलेल्या कुत्र्याच्या डाव्या कानाला खाच असेल. "खाच दिसली की समजायचं, हिला आता पिल्लं होणार नाहीत आणि हिच्यापासून रेबीजची भीती नाही."

हर्षदाच्या सासूबाई, फिरकेकाकू, पहिल्याच ओळीत बसल्या होत्या. मांडीवर सुपारीचा डबा. पितळी अडकित्त्याने कटकट सुपारी कातरत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आन् डॉक्टरबाई, मुक्या जिवाचा वंश खुडायचं पाप कोन्हाच्या पदरात?"

"काकू, बुंदी वर्षातून दोनदा विते म्हणता. तिची किती पिल्लं जगली?"

"जगायची ती जगली."

"एक तरी दाखवा मला."

बायका हसल्या. काकूंनी सुपारी तोंडात टाकली. "तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. पन वांझ जनावर दारात नाही ठेवत आम्ही. ज्याच्या घरी सून आहे त्याले इचारा."

त्या दिवशी बुंदी सापडलीच नाही. बाकीची बरीच कुत्री गेली आणि आठवड्याभराने परत आली, पोटं भादरलेली, जरा रुसलेली. आठवड्याने बुंदीही दिसली. कानाला खाच, तिच्याभोवती सुकलेलं रक्त. काकूंनी मला आवर्जून बोलावून दाखवलं. "घे माय, तुझ्या मनासारखं झालं. सकाळीच सोडून गेले तिले. आता तरी झोप निवांत."

मी खरंच निवांत झाले. वसाहतही शांत होत गेली. भाद्रपदातल्या मारामाऱ्या थांबल्या. वॉचमनने पाळलेला मोत्या गुबगुबीत झाला आणि पोरं त्याच्या पाठीवर डोकं टेकून बसायला लागली. चाकाखाली पिल्लू दिसलं नाही असा तो पहिला हिवाळा. मी आईला फोनवर सांगितलंसुद्धा, की हे माझ्यामुळे झालं.

आणि मग बुंदी व्याली.

आमच्याच जिन्याखाली, गोणपाटावर. मी थक्क झाले. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "देवाच्या मनात असलं की डॉक्टरचं काय चालते?" त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की घरातलीच कुणी बाळंत झाली असावी.

व्यालेल्या कुत्रीला शिरा घालतात, तो माझ्या माहेरीही घालत. त्यात मला नवल वाटलं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज बघत होते. हर्षदा परातीत शिरा घेऊन आली, जिन्याखाली उकिडवी बसली आणि हाताने बुंदीला भरवू लागली. काकू मागे उभ्या. बुंदीने अर्धा खाल्ला, परात चाटली. मग काकू म्हणाल्या, "हं."

हर्षदाने उरलेल्या शिऱ्याचा घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

दुसरा घास. तिसरा. परात रिकामी होईपर्यंत. मग ती नळाशी गेली, खळखळून चूळ भरली, आणि वर बघताना तिला खिडकीत मी दिसले. तिने नजर काढून घेतली.

दुपारी मी तिला गाठलं. "हे काय होतं, हर्षदा?"

"काही नाही वहिनी. माझं राहतं, पण टिकत नाही. तुम्हाला माहीतच आहे." माहीत होतं. मी आल्यापासून दोनदा तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा मीच बोलावली होती. "आत्या," सासूला ती आत्या म्हणे, "म्हणतात, हिला इतकी होतात, हिचं उष्टं पोटात गेलं की माझंही टिकेल. दर वेताला. डॉक्टर म्हणतात अंगात रक्त नाही, दोन वर्षं थांबा. आत्या म्हणतात, कुत्री थांबते का?"

"आणि तुझा नवरा? नितेशभाऊ?"

"ते म्हणतात, शिरा तर आहे." ती हसली. तिचं हसू फार गोड होतं, वरचा एक दात जरा पुढे. "म्हणून तर म्हटलं होतं गाडीवाल्यांना हाक मारा. तिचं थांबलं असतं तर माझंही थांबलं असतं ना."

मी दुसऱ्याच दिवशी डॉ. तडवींना फोन लावला. त्या दुसऱ्या तालुक्यात शिबिरात होत्या. ऐकून म्हणाल्या, "गर्भाशयच काढतो आम्ही, मॅडम. मग ती विणं शक्य नाही. पिल्लं सुटी होऊ देत, मी येऊन बघते." त्या येऊ शकल्या नाहीत. ती पिल्लं थंडीत एकेक करून गेली. बुंदीच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात तिचं पोट पुन्हा जमिनीला टेकायला आलं, आणि हर्षदालाही दिवस राहिले.

या वेळी काकूंनी तिला कामाला हात लावू दिला नाही. तीळ नको, पपई नको, उंबरा ओलांडायचा नाही. तिसरा महिना लागला. तिथपर्यंत तिचं कधी पोचलंच नव्हतं. जिन्यात भेटली की हर्षदा मला बोटांनी खूण करायची, अजून आहे.

बुंदी व्याली त्या दुपारी मी रेवाला कडेवर घेऊन भाजीच्या गाडीकडे निघाले होते. जिन्याखाली काहीतरी वेगळं होतं. बुंदी पिल्लांना पाजत नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. हर्षदा परात घेऊन उतरत होती. मी म्हणाले, "थांब जरा, ती बरी दिसत नाही." काकू वरून म्हणाल्या, "बाळंतीण आहे, उपाशी आहे. घाल."

हर्षदा बसली. बुंदी वळली आणि तिने काहीही आवाज न करता हर्षदाचं मनगट धरलं.

सोडवायला दोन माणसं लागली. शिरा सगळ्या पायऱ्यांवर. रेवा किंचाळत होती. तिला शेजारणीकडे देऊन मी हर्षदाला नळाखाली बसवलं, साबण चोळचोळून जखम धुतली. दाताच्या खुणा खोल होत्या.

"दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"पोटुशीले सुया?" काकू खाली आल्या होत्या. "येवढी तीन महिने टिकली. त्या सुईनं गर्भ पडते. अशी दोन उदाहरणं मले माहीत आहेत."

"तसं काही नसतं, काकू. आणि तसंही..." मी हर्षदाकडे वळले. ती इतकी घाबरली होती, की मला तिला धीर द्यायचा होता. "तसंही घाबरू नकोस. बुंदीला लस आहे. कानाला खाच आहे ना तिच्या? ऑपरेशन फसलं असेल, पण लस तर टोचलेली असणारच."

हर्षदाने आधी माझ्याकडे बघितलं, मग सासूकडे.

"ऐकलं?" काकू म्हणाल्या. "शिकलेली बाई सांगून राहिली."

"वहिनी, कानावर—"

"चल आत. वारं लागते."

संध्याकाळी मी दार वाजवलं तेव्हा नितेशने अर्धंच उघडलं. हर्षदा झोपली आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप. आईने तिला मामांकडे नेलं, नितेश फाटकाशी भेटला तेव्हा म्हणाला. केळीच्या बागा आहेत, सावली आहे, आराम पडेल.

बुंदी त्यानंतर चार दिवसही जगली नाही. मागचे पाय ओढत ती राखेच्या पाइपलाइनपर्यंत गेली आणि तिथेच पडली. वॉचमन म्हणाला, कुणी विष घातलं असेल. मी डॉ. तडवींना फोन केला, आणि या वेळी त्या तासाभरात हजर झाल्या. हातमोजे घालून त्यांनी बुंदीला उताणं केलं. पोटावरचे केस बोटांनी बाजूला सारून बराच वेळ शोधलं.

"टाका नाही," त्या म्हणाल्या. मग कान धरला. "हे बघा. आम्ही भुलीत असताना कापतो, सरळ रेषेत, आणि कड जाळतो. ही खाच अर्धगोल आहे. चेंगरून कापलीय. ही कुत्री आमच्याकडे कधी आलेलीच नाही. हिला लसही नाही." त्या उठल्या. "कुणाला चावली का?"

मी हर्षदाचं नाव सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर पितळी अडकित्ता होता, त्याची कड, आणि ती कटकट.

डॉ. तडवींच्याच गाडीतून आम्ही निघालो. मागे रिकामे पिंजरे खडखडत होते. रेवाला मी बरोबर घेतलं, कारण ठेवायला कुणी नव्हतं. त्या गाडी चालवत सांगत राहिल्या, मी जनावरांची डॉक्टर आहे, पण ही लस गरोदर बाईलाही देतात, द्यावीच लागते. गर्भाला काही होत नाही. अजून वेळ आहे. एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या, अजून वेळ आहे.

मामांच्या ओट्यावर काकू सुपारी कातरत बसल्या होत्या.

"कुत्र्याच्या गाडीत माझ्या सुनेले न्यायला आलीस?"

"काकू, बुंदी मेली. पिसाळून मेली. तिचा कान कुणी कापला?"

"मी." एका क्षणाचाही वेळ न लावता. "मी कापला. हर्षदेनं तोंड धरलं अन् मी कापला. तुमच्या गाडीपासून वाचवलं मी तिले. मग? माझ्या घरचं कुत्रं, माझ्या घरची सून. तुझं काय गेलं?"

"हर्षदाला आत्ताच्या आत्ता लस—"

"दिली. सगळ्या सुया दिल्या. इथल्या सरकारी दवाखान्यात." त्यांनी आत हाक मारली. "हर्षदे! ये बाहेर. सांग यांना. दिल्या ना सुया?"

हर्षदा दारात आली. चेहरा भरला होता. मनगटावर हळदीचा पिवळा डाग. डॉ. तडवी पायरी चढून तिच्याजवळ गेल्या आणि हलकेच म्हणाल्या, "बाळाला काही होत नाही, बेटा. मी शपथेवर सांगते. तू नुसती चल."

हर्षदाचा हात पोटावर होता. "दिल्या," ती म्हणाली.

"कुठे दिल्या? दंडावर? कोण होती नर्स?"

"झालं ना तिचं सांगून?" मामा आतून उठून आले. मग त्यांचे दोन मुलगे. डॉ. तडवी मागे सरल्या नाहीत, पण मी सरले. माझ्या कडेवर रेवा होती.

फाटकापर्यंत हर्षदा मला सोडायला आली. तिने रेवाच्या हातात एक केळं दिलं.

"बुंदीची पिल्लं कशी आहेत, वहिनी?"

पिल्लांना त्या सकाळीच डॉ. तडवींनी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं होतं. चाटलं होतं ना आईने त्यांना.

"बरी आहेत," मी म्हटलं.

"खरं सांगताय?"

"हो. आणि तू?"

"हो," ती म्हणाली. "या वेळी टिकलंय, वहिनी. हलतंसुद्धा कधी कधी. इतक्या लवकर हलतं का हो?"

परत येताना डॉ. तडवींनी सरकारी दवाखान्यात चौकशी केली. फिरके नावाची कुणी आली नव्हती. त्यांनी तिथल्या डॉक्टरांना मामांच्या घरी पाठवलं, तेव्हा घराला कुलूप होतं. त्यांनी नितेशला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई म्हणाली दिल्यात." पुढचे सगळे फोन त्याने कापले.

पाऊस उघडीप देत होता त्या दिवसांत एक रुग्णवाहिका आमच्या इमारतीसमोर थांबली. गावाहून जिल्ह्याच्या इस्पितळात जाताना नितेशला घ्यायला. डोक्यात ताप गेला आहे, चालक कुणाला तरी सांगत होता. मी रेवाला घेऊन खाली धावले. मागचं दार उघडं होतं. हर्षदाचे हात ओढणीने बांधले होते. नितेशने पाण्याची बाटली तिच्या ओठांशी नेली आणि तिचा गळा आवळला गेला. पाणी तिच्या छातीवर सांडलं.

"दार लावा," ती म्हणत होती. "दार लावा ना. वारा लागतोय." वारा नव्हताच.

मग तिने मला बघितलं. ओळखलं. "वहिनी, रेवाला लांब न्या माझ्यापासून," ती म्हणाली. "लांब न्या."

मी नेलं.

त्या घरात मी एकदाच गेले, तेराव्याला. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे सुजलेले. त्या खरंच रडल्या होत्या, हे मला लिहिलं पाहिजे. मी समोर बसले. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते, शब्द न शब्द.

त्यांनी माझा हात धरला. "डॉक्टर म्हणे, शेवटच्या दिवसापर्यंत पोटात जित्ता होता," त्या म्हणाल्या. "पडला नाही माय. सुई दिली असती तर पडला असता. टिकला."

मी हात सोडवून घेतला आणि उठले. बाहेर मोत्या पायरीवर पडला होता, म्हातारा, लठ्ठ, एका कानाला सरळ खाच.

त्याच वर्षी आमची बदली झाली. रेवा आता सहावीत आहे. तिला कुत्रं हवंय, आणि डॉ. तडवी अजून मला दर राखीला फोन करतात. त्यांची गाडी अजूनही गावोगाव फिरते. धामणदऱ्याला मात्र बदलीवर आलेल्या नव्या साहेबांनी तिला परवानगी नाकारली.

गेल्या महिन्यात वसाहतीतल्या एका जुन्या शेजारणीने फोटो पाठवला. नितेशचं दुसरं लग्न होऊन काही वर्षं झाली, हे मला त्यावरूनच कळलं. नवी सून पायरीवर बसली आहे, वीस-बावीस वर्षांची, किडकिडीत. तिच्या मागे काकू. सुनेच्या हातात परात. पायाशी एक काळी कुत्री, आणि तिच्या डाव्या कानाला खाच आहे. मी फोटो मोठा करकरून बघितला. सरळ आहे की अर्धगोल, कळत नाही.

मी फोन केला. शेजारीण म्हणाली, "काकू लाड करतात हो सुनेचे. तुम्ही उगाच काळजी करता."

धामणदरा वीजकेंद्राची वसाहत, सी इमारत, पहिला मजला, डावीकडचं दार. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल, तिथून जाणार असेल, तर थांबा. काही निमित्त काढा. पाणी मागा. मुलीचं नाव मला माहीत नाही, ते विचारा. ती बरी आहे का, एवढं बघून या. ती हो म्हणेल. त्यावर जाऊ नका.